दोष दाखवणारा कंगवा

"उठले! उठले!" सभागृहात एकच गलका झाला. खुर्चीवर बसलेल्या बाईचे मोकळे केस महाराजांच्या कंगव्याकडे खरोखरच झेपावत होते. कंगवा डावीकडे गेला की केस डावीकडे, उजवीकडे गेला की उजवीकडे.

"पाहा, डोक्यातला दोष कसा वर येतोय!" महाराज गरजले. "म्हणून केस कोरडे, म्हणून घरात कटकट, म्हणून जावई बोलत नाही!"

जावयाचा केसांशी काय संबंध, हे विचारायचं कुणाला सुचलं नाही. महाराजांनी मंतरलेलं पाणी शिंपडलं, कंगवा पुन्हा फिरवला. आता एक केस हलेल तर शपथ! टाळ्यांनी छप्पर उडायचं तेवढं बाकी राहिलं.

शाळेत विज्ञान शिकवणाऱ्या बाई मागच्या रांगेत कपाळाला हात लावून बसल्या होत्या. त्या आल्या होत्या वहिनीसाठी. वहिनीचे केस झाडूसारखे राठ झाले होते. चेहऱ्यावर सूज, सदा थकवा. डॉक्टरांनी रक्त तपासून थायरॉइडच्या गोळ्या दिल्या. महाराजांनी त्या बंद करायला लावल्या. गोळ्या म्हणे दोषाला खतपाणी घालतात! आज जिना चढताना वहिनी मध्येच मटकन बसली, तेव्हा बाईंचा संयम संपला.

"पुढची कोण?"

वहिनी उठली. तिच्यामागोमाग बाईही मंचावर चढल्या. महाराजांनी कंगवा लोकरी शालीवर खसाखसा घासला.

"शक्ती भरतोय," ते म्हणाले.

"कंगवा प्लास्टिकचा ना, महाराज?"

"दिव्य आहे."

"बघू तरी," म्हणत बाईंनी तो हातातून घेतलाच. पर्समधल्या बसच्या तिकिटाचे बारीक तुकडे करून टेबलावर टाकले. कंगवा स्वतःच्या स्वेटरच्या बाहीवर घासून वर धरला. तुकडे पटापट उडून त्याला चिकटले.

"कागदाला कुठला दोष, महाराज?"

"कागद झाडापासून होतो. झाडालाही दोष असतो!"

कोणीतरी फिस्सकन हसलं. बाईंनी वहिनीच्या केसांवरून कंगवा फिरवला, केस उभे. मग आपल्या बाटलीतलं पाणी शिंपडलं; केस गप्प.

"नळाचं पाणी आहे. मंत्र राहू दे, मी ते उकळलंसुद्धा नाही!" बाई लोकांकडे वळल्या. "प्लास्टिक लोकरीवर घासलं की त्यावर विजेचा भार साठतो. तो हलक्या, कोरड्या केसांना ओढतो. ओल आली की भार निघून जातो, केस पडतात. संपला चमत्कार. माझ्या वर्गातली पोरं पट्टीनं हेच करतात आणि माझी बोलणी खातात."

"अविश्वासानं शक्ती मलिन झाली," असं पुटपुटत महाराज पडद्यामागे सटकले.

"पण ताई, माझे केस तर खरंच कोरडे आहेत," वहिनी रडवेली झाली.

"आहेत ना. म्हणून तर याचं फावलं. आत्ता आधी डॉक्टरांकडे चल, गोळ्या सोडल्याचं सांग. घरी धुण्याआधी केसांना तेल लाव, कढत पाणी डोक्यावर घेऊ नको, रुंद दातांच्या कंगव्यानं हळू विंचर. वेळ लागेल."

"आणि डॉक्टर ओरडले तर?"

"ओरडू देत. निदान जावयाबद्दल तरी विचारणार नाहीत."

वहिनी पहिल्यांदाच हसली. दोघी बाहेर पडल्या, तेव्हा निम्मी गर्दी स्वेटरवर कंगवे घासून पाहत होती. उरलेली निम्मी अजून मंतरलेल्या पाण्याच्या रांगेत उभी होती, पडद्याकडे डोळे लावून. त्यांना एवढंच सांगणं: टाळी वाजवण्याआधी तोच प्रयोग घरी करून पाहा. आणि कुणी औषध सोडायला सांगितलं, तर औषध नव्हे, त्या माणसाला सोडा.