पिंकीचा पाट

"तिले बोलावलंस का तू?"

विजयाकाकू दारातच उभ्या होत्या. चपला पायातच होत्या, म्हणजे बसायचं नव्हतं. गंधाली कैरी किसत राहिली.

"कोणाले, काकू?"

"वेड घेऊन पेडगावले नको जाऊ. खालच्या लाजवंतीले."

"हव. दर वर्षी येतात त्या चैत्रगौरीच्या हळदीकुंकवाले."

"अन् यंदा? टीव्ही पाहत नाहीस का?" काकूंनी आवाज खाली आणला. "तिकडं पहलगामात आपले लोक मेले, अन् आपण पाकिस्तानवालीची ओटी भरून राहिलो, असं होणार नाही. आमच्या ह्यांनी रविवारी सोसायटीची मीटिंग ठेवली आहे. तिच्या घरमालकाले सांगणार, फ्लॅट खाली करून घे. तू तिले आज बसवलं, तर महिला मंडळाची एक बाई तुझा उंबरा चढणार नाही. पाहून घे."

गंधालीनं दुसरी कैरी घेतली. काकू वळल्या, पण जाता जाता जिथं लागायचं तिथंच बोट ठेवून गेल्या.

"पोट्ट्याले पाणी उकळून पाजतेस, अन् पोट्टं कोणाच्या हाती देतेस ते पाहत नाहीस."

किसणी हातात तशीच राहिली. काकूंचा नेम चुकत नसे. सार्थक अडीच वर्षांचा होईपर्यंत गंधालीनं एक रात्र सलग झोप काढली नव्हती. गॅसचं बटण दोनदा बघायचं, बाल्कनीची कडी तीनदा. दूध मनगटावर टाकून बघायचं. पाणी दहा मिनिटं उकळायचं, गाळायचं, आणि घराबाहेर पाऊल टाकलं की निळी बाटली पिशवीत असायचीच. नवरा, अभिनव, तिला चिडवायचा, "तू आई नाहीस, वॉचमन आहेस." अशा बाईनं आपलं मूल ज्या एका माणसाच्या ओटीत बिनधास्त टाकलं होतं, ते माणूस म्हणजे लाजवंती आंटी.

आंटी सिंधमधल्या घोटकीच्या. नवऱ्याबरोबर रायपूरला आल्या, त्याला बरीच वर्षं झाली. त्यांचं पंडरीच्या कपडा मार्केटमध्ये छोटं दुकान होतं. हातात लाँग टर्म व्हिसा, नागरिकत्वाचा अर्ज कुठंतरी सरकत होता. मुलगी पिंकी मात्र लग्न होऊन तिकडंच राहिली होती. यंदा पहिल्यांदाच तिला इकडचा व्हिसा मिळाला होता. आंटींनी रायपूरमधलं हे घर तिला फक्त फोनवर दाखवलं होतं. "इस बार पिंकी की ओटी भी भरना, बेटा," असं त्यांनी गंधालीला महिन्याभरापूर्वीच सांगून ठेवलं होतं.

मग पहलगामची बातमी आली. दुसऱ्याच दिवशी सीमेवरची अटारीची वाट बंद झाली, सार्कची व्हिसा सवलत संपली, मागोमाग दिलेले व्हिसा रद्द झाले. आंटींसारख्यांच्या लाँग टर्म व्हिसाला हात लावलेला नव्हता, पण हे टीव्हीवर कोणी ओरडून सांगत नव्हतं. तिकडं पिंकीची बॅग भरलेली होती.

गंधाली कॉलेजात हेच शिकवायची. अतिथी व्याख्याता, तिसरं वर्ष, पेपर आशियातल्या प्रादेशिक सहकार्याचा. सार्क म्हणजे आठ देशांची संघटना, निर्णय सगळ्यांच्या एकमतानं, आणि एकानं येत नाही म्हटलं की शिखर परिषद भरतच नाही. २०१४ मध्ये काठमांडूत भरली, त्यानंतर भरलीच नव्हती. मागल्या बाकावरच्या पोरीनं विचारलं होतं, "मैडम, एक कुर्सी खाली रही तो सब घर चले जाते हैं क्या?" गंधालीनं परीक्षेत पाच गुण मिळतील असं उत्तर दिलं होतं. आता कैरी किसताना तिला त्या उत्तराची लाज वाटली.

ती उठली आणि दाराशी गेली. काकू जिन्याच्या वळणावर होत्या.

"काकू, एक विचारू का? ही गौर महिनाभर झोपाळ्यावर बसते ती काहून?"

"माहेरी आलेली असते म्हणून. मीच तर सांगितलं होतं तुले."

"हव, तुम्हीच सांगितलं होतं. मग मी माहेरवाशिणीले अन् तिच्या मायले नाही म्हणणार नाही. संध्याकाळी पाच वाजता आहे हळदीकुंकू. या."

काकू खाली उतरल्या. गंधाली आत आली. तिनं गॅसचं बटण दोनदा बघितलं.

पाच वाजत आले तरी आंटी येईनात. त्यांना आणायला तीच खाली गेली. सार्थक कडेवर.

"नहीं बेटा. तुम्हारी पूजा क्यों बिगड़े मेरे कारण."

"आप नहीं आओगी तब बिगड़ेगी. उठिए."

आंटींनी साडी बदलली. तेवढ्या वेळात गंधालीचं लक्ष कोपऱ्यातल्या कोऱ्या मडक्यांकडे गेलं. अक्षय तृतीयेला, आंटींच्या भाषेत अखणटीजेला, सिंधी लोक नवी मडकी भरतात आणि तहानेल्याला पाणी देतात. दर वर्षी एक मडकं सोसायटीच्या गेटवर जाई. "सुबह रख आई," आंटी म्हणाल्या. "पता नहीं कोई पिएगा कि नहीं."

पाच वाजले, साडेपाच झाले. पितळी झोपाळ्यात गौर, पुढं कलिंगडाचं कमळ, डाळ, पन्हं, परातभर भिजवलेले हरभरे. एवढं सगळं, आणि बायका दोन. गंधालीनं गौरीसमोर दोन पाट मांडले.

"दूसरा किसका?" आंटींनी विचारलं.

"पिंकीचा."

आंटींनी पदर तोंडाला लावला. गंधालीनं त्यांना हळदकुंकू लावलं, ओटीत नारळ, खण, हरभरे घातले. मग रिकाम्या पाटावर हळदीकुंकवाची बोटं टेकवली आणि दुसरी ओटी उचलली, तेवढ्यात बेल वाजली.

गंधालीला वाटलं, मंडळ आलं. दारात महिला शिपाई उभी होती. छातीवरच्या पट्टीवर नाव होतं, दीपमाला.

"लाजवंती बाई इहाँ हे का? थाना चले बर परही. सब्बो झन के जाँच चलत हे."

तपासणीसाठी ठाण्यात यावं लागणार, हे ऐकून आंटी पाटावरून उठायला लागल्या. गंधालीनं त्यांच्या खांद्यावर हात ठेवून त्यांना खाली बसवलं.

"दीदी, ओटी भर रही हूँ. होने दीजिए. फिर चलेंगे, मैं भी आ रही हूँ."

दीपमालानं गौरीकडे पाहिलं, पाटाकडे पाहिलं, आणि बूट काढले. "अक्ती के दिन हे. भर लेव." अक्ती म्हणजे तिच्या छत्तीसगढीतली अक्षय तृतीया.

"आँचल फैलाइए, आंटी. उसके हिस्से का भी आप ही रखोगी."

दोन ओट्यांच्या भारानं पदर खाली ओढला गेला. दीपमालालाही पन्हं मिळालं. कुंकू लावून घेताना तिनं टोपी काढून काखेत धरली.

निघताना जिन्यात काकूंची सून स्नेहल भेटली. हातात रिकामी वाटी. "सासूबाई झोपल्या आहेत," ती हळूच म्हणाली. "डाळ संपली तर नाही ना, गंधाली?"

"किल्ली घे. हवी तेवढी घे. गौरीजवळ बैस थोडी, ती एकटी आहे."

ठाण्यात बाकावर तासभर बसावं लागलं. पदराची गाठ सोडून आंटी एकेक हरभरा सोलून सार्थकच्या तोंडात घालत होत्या. साहेबांनी व्हिसा उलटसुलट करून पाहिला.

"आप इनकी कौन लगती हैं?"

"पड़ोसन."

"पड़ोसन थाने तक नहीं आती, मैडम."

"मेरा बेटा इन्हीं के पास पलता है," गंधाली म्हणाली. "आपको जो लिखना है, उसमें यह भी लिखिए."

साहेबांनी पेन उचललं. लिहिलं की नाही ते कळलं नाही. "ठीक है. बुलाएँगे तो फिर आना पड़ेगा," एवढंच म्हणाले.

ऑटोतून उतरल्या तेव्हा तेलीबांधा तलावाकडून वारा सुटला होता, पण रस्ता अजून भाजत होता. गेटजवळ लाल फडकं बांधलेलं मडकं सकाळी ठेवलं तसंच होतं. गळ्यापर्यंत भरलेलं. वॉचमन उठून उभा राहिला आणि नजर चुकवत म्हणाला, "भाभी, विजया मैडम मना करके गई हैं. कोई नहीं पी रहा."

पहिल्या मजल्यावरच्या बाल्कनीत काकू उभ्या होत्या. झोपलेल्या नव्हत्या. शेजारच्या बाल्कन्यांतही माणसं होती. आंटी मान खाली घालून आत जायला लागल्या.

"आंटी, रुकिए."

"मम्मा, पाणी," सार्थक म्हणाला.

गंधालीचा हात सवयीनं पिशवीत गेला. निळ्या बाटलीवर बोटं टेकली आणि तिथंच थांबली. मग हात बाहेर आला. तिनं मडक्यावरचं झाकण काढलं, ओगराळं बुडवलं आणि पेला काठोकाठ भरला. आधी ती स्वतः प्यायली. मग तोच पेला तिनं सार्थकच्या ओठांना लावला. तो दोन्ही हातांनी पेला धरून प्यायला, हनुवटीवरून, शर्टावरून ओघळ सोडत, घटाघटा.

"और," तो म्हणाला.

गंधालीनं एकदा वर बाल्कनीकडे पाहिलं आणि पुन्हा ओगराळं बुडवलं.