शरभचं हँडल

शामसुंदर येणार आहेत हे मला त्या रविवारी सकाळी साडेनऊला कळलं, तेही दारातल्या यादीवरून. शरभ ही आमच्या कंपनीची विजेवर चालणारी स्पोर्ट्स कार. पाच वर्षांपूर्वी पहिली बाजारात आली, आता तिचं रूप बदलून नवी येत होती. पहिल्या गाडीच्या मालकांना बंगळूरजवळच्या बोम्मसंद्राच्या कारखान्यात बोलवायचं, नवी गाडी दाखवायची आणि त्यांचं मत ऐकून शेवटचे बदल पक्के करायचे असा बेत होता. निमंत्रणं संगणकानं परस्पर पाठवली होती, गाडी ज्याच्या नावावर त्याला. विराजची गाडी त्याच्या वडिलांच्या, शामसुंदर यांच्या, नावावर होती. विराज दोन वर्षांपूर्वी त्याच गाडीत गेला, हे संगणकाला कुणी सांगितलं नव्हतं.

मी हेमलता. दोन्ही शरभची दारं माझी. लग्नाकार्यात कुणी विचारलं की मी सांगते, दारं करते, आणि निम्म्या लोकांना वाटतं आमची सुतारकामाची वखार आहे. एकवीस वर्षं हेच करते आहे. दार बंद होताना कसा आवाज यावा, पावसाचं पाणी कुठून वाहावं, बोट कुठे पडावं, यावर मी तासभर भांडू शकते आणि भांडलेही आहे.

पहिल्या शरभच्या दाराला बाहेरून हँडल दिसत नसे. ते दारातच बुडालेलं असायचं, मालक जवळ आला की विजेवर बाहेर यायचं. गाडीवेड्यांनी ते डोक्यावर घेतलं. त्या दाराचे फोटो लोकांनी मोबाईलवर लावले होते. मला त्याचा अभिमान होता, खोटं कशाला बोलू.

विराजची गाडी होसूर रोडवर ट्रकच्या धक्क्यानं दुभाजकावर आदळली. अशा वेळी बॅटरीनं वीज तोडावी अशीच रचना होती आणि तिनं ती तोडली. त्यामुळे बाहेरचं हँडल आतच राहिलं, आतून दार उघडायचं बटणही मेलं. धूर भरायला लागला. आठ-दहा माणसं धावत आली, त्यात फुलं विकणारी एक बाई होती, दोन रिक्षावाले होते. त्यांनी दारावर हात फिरवले आणि धरायला काही सापडलं नाही. काच जाड, दगडानं फुटेना. अग्निशमन दलानं दार कापलं तेव्हा चौदा मिनिटं झाली होती. विराज एकतीस वर्षांचा होता.

आत एक लिव्हर होती. दाराच्या खालच्या कप्प्यात, रबरी चटईखाली. ओढली की विजेशिवाय दार उघडतं. पुस्तिकेच्या एकशे बाराव्या पानावर तिचं चित्र आहे. चौकशीत सगळं नियमाप्रमाणे निघालं आणि कंपनीनं एक वाक्य छापायला दिलं, की गाडीत आणीबाणीची लिव्हर उपलब्ध होती. ते वाक्य खरं आहे का हे माझ्याकडूनच तपासून घेतलं होतं. मी हो म्हटलं.

मी काय सांगितलं नाही ते आता सांगते. गाडी बाजारात येण्याआधी ती लिव्हर पहिल्यांदा ओढून पाहिली तेव्हा मला अकरा सेकंद लागले. उजेडात, शांतपणे बसून, आणि ती मीच तिथे बसवलेली असताना. मी अहवालात लिहिलं की लिव्हर डोळ्यांसमोर हवी. मग आम्ही तीस गाडीवेड्यांना बोलावून दार दाखवलं. आधी पाठवलेली पुस्तिका त्यांनी तोंडपाठ केलेली होती. त्यांना लिव्हर लगेच सापडली, आणि ती वर आणली तर दार विद्रूप दिसेल असं एकमतानं ठरलं. रस्त्यावरच्या एकाही माणसाला आम्ही बोलावलं नाही. मी माझीच शिफारस खोडली आणि सही केली. कुणी जबरदस्ती केली नाही. मलाही ते दार तसंच आवडत होतं.

म्हणून यादीत शामसुंदर हे नाव दिसलं तेव्हा माझं बोट त्या ओळीवरच थांबलं. त्या माणसाला एकच गोष्ट कुणी सांगितलेली नव्हती, आणि ती सांगू शकेल अशी मी एकटी होते. मी आमच्या प्रमुखांकडे, गुरुराजकडे गेले. गुरुराज माणूस वाईट नाही, पण वकिलाचं नाव निघालं की त्याचा चेहरा बदलतो. त्याने मला बाजूला घेऊन बजावलं की त्यांना मानानं पुढे बसवू, कॉफी देऊ, जुनं काही काढायचं नाही. नवं हँडल का आलं असं कुणी विचारलं तर सोयीसाठी, एवढंच म्हणायचं. मी मान हलवली. एकवीस वर्षांत मान हलवायची मला चांगली सवय झाली होती.

ते मेट्रोनं आले होते, राजाजीनगरहून दोन गाड्या बदलून. इस्त्रीचा पांढरा शर्ट, हातात घडी केलेलं निमंत्रण. पुढे बसायला नको म्हणाले आणि शेवटच्या रांगेत भिंतीला टेकून बसले.

कापड ओढलं गेलं आणि चाळीस माणसं एकदम उठून गाडीभोवती गोळा झाली. तुलनेसाठी जुनी शरभ शेजारीच उभी होती. गाडीवेड्यांचं मत म्हणजे सासरच्या मंडळींनी सुनेला पाहावं तसं असतं, आवडलं तरी आधी नाक मुरडायचं. नाक रुंद झालं, वजन नव्वद किलोनं वाढलं, मागचा पंख जास्तच मिरवतो. काहींना पंखच आवडला. शंभरचा वेग आता तीन सेकंदांच्या आत, यावर मात्र सगळे खूश. डॅशबोर्डवरचा मोठा पडदा जाऊन बटणं परत आली म्हणून निम्म्यांनी आभार मानले आणि निम्म्यांनी गाडी म्हातारी झाली म्हणून सुस्कारे सोडले. भीमाचार्य नावाचे सत्तरीचे निवृत्त इंजिनिअर आहेत, त्यांनी नव्या दाराचं साधं, ठसठशीत हँडल तीनदा ओढून पाहिलं आणि सांधेदुखीच्या बोटांनाही हे जमतं म्हणाले. ते सोडले तर हँडलवर बाकी सगळे तुटून पडले.

सगळ्यात जास्त ध्रुव. हा शरभ-मालकांच्या क्लबचा सचिव, सॉफ्टवेअरमधला, बोलण्यात तरबेज. एवढ्या सुंदर अंगाला फ्रिजचं हँडल लावल्यासारखं दिसतंय, असं तो कन्नडमध्ये म्हणाला आणि लोक हसले. मग त्याने सरळ मलाच विचारलं, हे कशासाठी.

मी म्हटलं, सोयीसाठी.

ध्रुव म्हणाला की सोय आळशी लोकांना लागते. ज्याला गाडी कळते त्याला लिव्हर कुठे आहे हे माहीत असतं. पान एकशे बारा. ज्यांनी वाचलं नाही त्यांच्यासाठी आपण गाडी का बिघडवायची? त्याला मागे कोण बसलंय हे माहीत नव्हतं. माहीत असतं तर तो बोलला नसता, एवढं मी त्याच्या बाजूनं सांगते.

शामसुंदर उठले. घाई न करता लोकांमधून वाट काढत आले, नव्या गाडीकडे त्यांनी पाहिलंही नाही. जुन्या शरभपाशी थांबले आणि आत कसं बसायचं ते विचारलं. कुणीतरी दार उघडून दिलं. गुडघ्यांवर हात ठेवून ते कसेबसे आत बसले आणि त्यांनी दार ओढून घेतलं.

एव्हाना क्लबमधल्या एक-दोघांनी त्यांना ओळखलं होतं. कुजबुज झाली आणि थांबली. ध्रुव पांढरा पडला.

काचेतून दिसत होतं, ते दारावर हात फिरवत होते. वर, खाली, आर्मरेस्टखाली. कप्प्यात हात घातला, चटईवरून फिरवला आणि बाहेर काढला. मी घड्याळाकडे बघायचं नाही असं ठरवलं, तरी मनात मोजत राहिले. चाळीसच्या पुढे मोजवेना म्हणून मी जाऊन दार उघडलं.

त्यांनी माझ्या गळ्यातल्या ओळखपत्रावरचं नाव वाचलं आणि आमच्या घरातल्या, कन्नड मिसळलेल्या मराठीत विचारलं, "आपल्यातल्याच नव्हे तुम्ही? कुठले?"

"बसवनगुडीतली, अण्णा."

"सरी. मग अक्का, ती लिव्हर कुठं असते, दाखवा स्वल्प."

मी वाकून चटई उचलली आणि दाखवली. त्यांनी एकदा ओढून पाहिली. खट् असा आवाज झाला. मी त्या आवाजावर महिनाभर काम केलं होतं.

"एवढी सोपी," ते म्हणाले. "पुस्तक वाचलं असतं तर त्याला सापडली असती. हेच नव्हे?"

गुरुराज माझ्या मागे येऊन उभा राहिला होता. त्याला मराठी येत नाही, पण काय चाललंय ते त्याला कळत होतं. त्याने हळूच माझ्या कोपराला हात लावला. त्या क्षणी मला घर दिसलं, कर्ज दिसलं, मुलीची फी दिसली, हे लपवण्यात अर्थ नाही. आणि त्याच वेळी हेही कळलं, की मी आता गप्प बसले तर हा माणूस तेच वाक्य घेऊन राजाजीनगरला परत जाईल आणि मरेपर्यंत ते खरं मानेल.

"नाही अण्णा," मी म्हटलं. "त्याला सापडली नसती. ती मी बसवली होती, आणि मलाच शोधायला अकरा सेकंद लागले होते. धूर नव्हता, अंगाला काही लागलेलं नव्हतं. ती वर हवी असं मी आधी लिहिलं होतं, मग दार चांगलं दिसावं म्हणून मीच ते खोडलं. विराजची काही चूक नव्हती. चूक माझी होती."

मग मी वळले आणि हेच सगळं कन्नडमध्ये सगळ्यांना सांगितलं. हँडल सोयीसाठी नाही, हेही सांगितलं. गाडी कळत नाही अशा माणसाला बाहेरून दार उघडता यावं म्हणून ते आहे, असं म्हणाले. गुरुराज कोपरावरचा हात काढून दूर जाऊन उभा राहिला. ध्रुव खाली बघत होता.

शामसुंदर अजून गाडीतच होते. माझ्यावर ओरडतील म्हणून मी मन घट्ट केलं होतं. खरं तर ओरडावं असं मला वाटत होतं.

"हे कागदावर लिहून द्याल?" त्यांनी विचारलं.

गुरुराजनं लांबूनच मान हलवली, नको म्हणून. मी वहीतलं पान फाडलं. कन्नडमध्ये लिहू की इंग्रजीत, असं विचारलं.

"आपल्या भाषेत लिहा. कोर्टात न्यायला नको ते. घरी वाचून दाखवायचं आहे." मग ते म्हणाले, "सुनंदा, माझी बायको, तिनं त्याचा फोटो मोठा करून आणलाय. दोन वर्षं झाली, मी भिंतीला लावू दिला नाही. स्वतःच्या बेफिकिरीनं गेला, त्याला हार कसला घालायचा, असं म्हणत होतो. वर्षश्राद्धाला जेवलोसुद्धा नाही मी. आता माझ्या तोंडचं तिला खरं वाटायचं नाही."

मी गाडीच्या टपावर कागद ठेवून लिहिलं. सहा ओळी झाल्या. वाचायला सोपं जावं म्हणून अक्षर मोठं काढलं. खाली सही केली, आणि सही कुणाला वाचता आली नसती म्हणून पूर्ण नावही लिहिलं.

त्यांनी कागद दोनदा वाचला, घडी करून शर्टाच्या खिशात ठेवला. गाडीतून उतरायला मी हात पुढे केला, तो त्यांनी धरला नाही. दाराला धरून स्वतःच उठले. कारखान्याच्या फाटकापर्यंत मी त्यांच्या मागे मागे गेले. अण्णा, मला काहीतरी बोला, असं शेवटी मीच म्हटलं.

ते थांबले. माझ्याकडे बघायला त्यांना जड जात होतं.

"तुमच्याशी काय बोलायचं ते नंतर बघू, अक्का," ते म्हणाले. "आधी घरी जाऊन त्याची माफी मागायची आहे मला."