अस्सल कपाटात

पोतनिसांच्या घराण्यात एक नियम होता: अस्सल कागद घराबाहेर जात नाही, नक्कल जाते. भास्कररावांचे आजोबा बडोदे सरकारच्या दप्तरात कारकून होते. एकदा ते जमिनीची सनद घेऊन नवसारीला गेले आणि सनदेवाचून परत आले. पुढे काय झालं ते घरात कुणी बोलत नसे, पण नियम तेव्हापासून पक्का झाला.

भास्करराव मुख्याध्यापक म्हणून निवृत्त झाले, तरी 'खरी नक्कल' हा त्यांचा शिक्का काही निवृत्त झाला नाही. बडोद्याला कारेलीबागेतल्या त्यांच्या फ्लॅटमधल्या लोखंडी कपाटात लिफाफ्यांचा एक गठ्ठा होता. दसऱ्याला लोक हत्यारं पुजतात, हे लिफाफे पुजत. प्रत्येकातले कागद मोजायचे, हळदकुंकू वाहायचं, किल्ली जानव्याला. मतदानाचं कार्डसुद्धा फक्त मतदानापुरतं बाहेर यायचं आणि बोटावरची शाई वाळायच्या आत पुन्हा आत जायचं. एरवी खिशात झेरोक्स, तीवर शिक्का. बायकोने, सुहासिनीबाईंनी, या कारभारापुढे कधीच हात टेकले होते, निदान भास्कररावांची तशी समजूत होती.

दोन वर्षांपूर्वी मुलीच्या, मोहनाच्या, पहिल्या बाळंतपणाच्या वेळी जावयाने, उन्मेषने, बोरिवलीहून ईमेलने तिकीट पाठवलं होतं. "कॉम्प्युटरवर छापलेला कागद म्हणजे तिकीट होय?" म्हणून भास्कररावांनी ते रद्द करायला लावलं आणि स्वतः स्टेशनवरच्या खिडकीपुढे रांगेत उभे राहिले. जाड कागदाचं तिकीट मिळालं, पण तिसऱ्या दिवशीचं. ते पोचले तेव्हा सगळं आटोपलं होतं. मूल गेलं होतं, आणि मोहना भिंतीकडे तोंड करून पडली होती. "उशीर झाला बाबा," एवढंच ती म्हणाली. ती रागावली असती तर परवडलं असतं. ते तीन शब्द तेव्हापासून भास्कररावांना सलत होते.

यंदा दिवाळी उलटून पंधरा दिवस झाले आणि मोहनाचा फोन आला. गुरुवारी दुपारी दोन वाजता ऑपरेशन करून मूल काढणार होते.

"बाबा, मला आत नेण्याआधी तुम्ही दोघं दिसायला हवेत."

"उन्मेषला सांग, ते त्याचं ईमेलचं तिकीट पाठव," भास्करराव एका दमात म्हणाले. सुहासिनीबाईंनी पोळी लाटता लाटता वर पाहिलं.

तिकीट आलं. सोसायटीसमोरच्या सायबर कॅफेत जाऊन भास्कररावांनी त्याच्या चार प्रती काढवल्या, आणि मग कॅफेवाल्याला विचारलं, "यातली अस्सल कुठली?"

"काका, बधी सरखी ज छे," तो हसून म्हणाला. "आमां ओरिजिनल जेवुं कंई न होय."

सगळ्याच सारख्या! अस्सलच नाही, नुसत्याच नकला! भास्कररावांना आजोबा आठवले. शेवटी त्यांनी स्वतःच निकाल दिला. यंत्रातून जी प्रत पहिल्यांदा बाहेर आली तीच अस्सल. ती लिफाफ्यात घालून कपाटात ठेवली, दुसरी खिशात, तिसरी बॅगेत, चौथी सुहासिनीबाईंकडे. "आता आभाळ कोसळलं तरी तिकीट आपल्याजवळ आहे," ते समाधानाने म्हणाले.

गुरुवारी सकाळची गाडी वेळेवर सुटली. डबा बसायच्या खुर्च्यांचा. जागा एकत्र मिळाल्या नव्हत्या. भास्करराव या टोकाला, सुहासिनीबाई पार त्या टोकाला. भरूचचा पूल मागे पडला आणि तिकीट तपासनीस आले. भास्कररावांनी घडी न मोडलेला कागद पुढे केला. तपासनिसांनी तक्त्यावर खूण केली आणि ते म्हणाले, "तिकीट बराबर छे, काका. हवे ओळखपत्र."

भास्कररावांनी झेरोक्स दिली.

"आ तो झेरोक्स छे. असल बतावो."

"असल घरी आहे. यावर शिक्का आहे, बघा की. खरी नक्कल."

"सही कोनी छे?"

"माझीच," भास्करराव म्हणाले, आणि म्हणताक्षणी त्यांना ते कसं ऐकू गेलं असेल ते कळलं. शेजारचा माणूस वर्तमानपत्राआड हसला.

तपासनीस काही वाईट नव्हते. ते थांबले आणि समजुतीच्या सुरात हिंदीत सांगू लागले. तिकिटाचा कागद कितीही वेळा छापा, काकाजी, त्याचं कुणाला काही नाही. पण ईमेलच्या तिकिटाला ओळखपत्र अस्सलच लागतं, तसं तिकिटावरच छापलंय. नाहीतर तुम्ही विनातिकीट. सुरतेला उतरावं लागेल.

भास्कररावांनी कागद वाचला. खाली बारीक अक्षरात खरंच तसं छापलं होतं. ज्या माणसाने जन्मभर पोरांना प्रश्नपत्रिका शेवटपर्यंत वाचायला शिकवलं, त्याने चार प्रती काढून एकही शेवटपर्यंत वाचली नव्हती.

"दंड घ्या, पण बसू द्या. माझ्या मुलीचं ऑपरेशन आहे," ते म्हणाले.

"दंड भरोगे तो भी सीट नहीं रहेगी, काकाजी. गाडी फुल है." तपासनिसांनी पुन्हा कागद पाहिला. "और ये सुहासिनीबेन कौन? दोनों में से एक का भी असली हो तो चलेगा."

भास्कररावांनी डोळे मिटले. बायकोचं कार्डही त्यांनी स्वतःच्या हाताने लिफाफ्यात घातलं होतं, दसऱ्याला मोजलं होतं. म्हणजे तिलाही उतरवणार. सुरतेच्या फलाटावर दोघं उभे, आणि तिकडे मोहना दाराकडे बघत आत जाणार. पुन्हा. आता मात्र कपाटाची किल्ली त्यांना टोचायला लागली.

तपासनिसांच्या मागोमाग ते डब्याच्या दुसऱ्या टोकाला गेले. सुहासिनीबाई संत्रं सोलत होत्या.

"अगं, घोटाळा झालाय," ते म्हणाले. "अस्सल कार्ड मागतायत. माझी चूक आहे. उतरावं लागणार."

सुहासिनीबाईंनी संत्रं मांडीवर ठेवलं, हात रुमालाला पुसले आणि पर्स उघडली. सेफ्टी पिना, सुपारीची डबी, अमृतांजन, आणि त्याखालून निघालं मतदानाचं कार्ड. कोपऱ्यावर हळदीचा डाग. अस्सल.

तपासनिसांनी ते उलटसुलट पाहिलं, खूण केली. "बराबर छे, बा. बेसो काका, शांतिथी बेसो," म्हणाले आणि पुढे गेले.

भास्करराव तिथेच, दोन खुर्च्यांमधल्या वाटेत उभे. खिडकीतल्या बाईंनी सरकून त्यांना टेकायला जागा दिली.

"हे तुझ्याकडे कसं? कपाटात तर..."

"कपाटात माझी झेरोक्स आहे. रंगीत, प्लास्टिक चढवलेली. मागच्या मतदानाला तुम्ही काढून दिलंत, त्यानंतर अस्सल परत दिलंच नाही मी."

"पण दसऱ्याला मी स्वतः मोजलं!"

"मोजलंत. बघितलं कुठे?"

भास्कररावांना आधी राग आला, मग हसू फुटलं, आणि हसता हसता डोळे भरून आले. सुहासिनीबाईंनी त्यांच्या हातात अर्धं संत्रं दिलं. ते त्यांनी बियांसकट खाल्लं.

दीडला ते दवाखान्यात पोचले. मोहनाला हिरवा झगा घालून नुकतंच चाकांच्या खाटेवर घेतलं होतं. तिची नजर दाराकडेच होती. दोघांना पाहून तिचा चेहरा सैल झाला. आत नेईपर्यंत भास्कररावांनी तिचा हात सोडला नाही.

अडीच वाजता उन्मेष बाहेर आला. मुलगी. दोघीही सुखरूप. सुहासिनीबाई भिंतीला टेकून देवाचं नाव घेत राहिल्या. भास्कररावांनी जानव्याची किल्ली सोडवली आणि बायकोच्या पर्समध्ये, सुपारीच्या डबीशेजारी टाकली.

"हे काय?" त्या म्हणाल्या.

"घरी गेलो की माझंही कार्ड यातच ठेव."

संध्याकाळी मोहनाला नीट जाग आली. कुशीत पोर होतं, इवल्या मुठी वळलेलं. "बाबा," ती म्हणाली, "ईमेलच्या तिकिटाने काही त्रास नाही ना झाला?"

भास्कररावांनी तिच्या कपाळावरचे केस मागे सारले.

"तिकिटाचं काही नव्हतं गं," ते म्हणाले. "तुझी आई बरोबर होती, म्हणून वेळेवर पोचलो."