कोल्ह्याची पिशवी फुटते ते पान

गार्गी चार वर्षांची झाली तरी क ला त म्हणायची आणि ग ला द. तिच्या आबांना, मधुसूदनरावांना, ते फार आवडे. चार माणसांत त्यांची स्वतःची जीभ जन्मभर अडखळत आलेली. नातीपुढे मात्र ती सैल सुटे. संध्याकाळी पुस्तक घेऊन ती त्यांच्या मांडीवर चढे. "आबा, तोल्हा वाच."

कोल्हा बसने काटोलला जातो, पिशवीभर संत्री घेतो आणि भर बाजारात पिशवी फुटते. त्या पानावर गार्गी घसा दिसेस्तोवर हसे.

शाळाप्रवेशाची मुलाखत जवळ आली तसं तिच्या आजीनं, यमुताईंनी, वेखंड काढलं. ते सहाणेवर उगाळून, मधात कालवून जिभेला चोळलं की बोलणं सुधारतं, असं त्यांच्या माहेरी, खाप्याला, सगळेच मानत. पण पोर तोंड उघडेना. थुंकली, पळाली.

"तुमच्यापाशी हसते नं ती," यमुताई नवऱ्याला म्हणाल्या. "त्या पानावर जरा थांबा. मी मागं उभी राहते."

"हसताना? बरं नाही वाटत ते."

"काहून? जहर देऊन राहिली का मी तिले? उद्या पोरं तोतरी म्हणून चिडवतील, तवा वाचत बसा तुमचा कोल्हा."

मधुसूदनरावांना स्वतःची शाळा आठवली. त्या संध्याकाळी त्यांनी पान सावकाश उलटलं. गार्गी हसली आणि यमुताईंचं बोट तिच्या तोंडात गेलं.

मग हे रोजचंच झालं. सूनबाई वंदना नोकरीवरून येईस्तोवर सगळं उरकलेलं असे. हळूहळू गार्गी त्या पानावर हसेनाशी झाली. पान आलं की डोळे घट्ट मिटून आपणच जीभ बाहेर काढी.

"बघा, कशी शहाणी झाली," यमुताई म्हणत. तसंच असेल, असं मधुसूदनराव स्वतःला सांगत.

मुलाखतीहून परतलेली वंदना चपलाही न काढता दारात उभी राहिली. "बाईंनी चित्रांचं पुस्तक उघडून विचारलं, हे काय आहे? तर हिनं डोळे मिटले आणि जीभ काढली. दुसरं पान, तरी तेच. त्या म्हणाल्या, आधी डॉक्टरला दाखवा. कोणी शिकवलं हिला हे?"

"लेकरू आहे, करते काहीबाही," यमुताई भाजी निवडता निवडता म्हणाल्या.

वंदनानं सासऱ्यांकडे पाहिलं. त्यांनी तोंड उघडलं, पण जीभ पुन्हा अडखळली. ती आत निघून गेली.

संध्याकाळी त्यांनीच गार्गीला जवळ बोलावलं. कोल्हा बाजारात पोचला तसे तिचे डोळे मिटले.

"हे बघ बाळा, काही नाही." त्यांनी दोन्ही रिकामे तळवे तिच्यापुढे धरले.

तिनं एक डोळा किलकिला केला. तळवे पाहिले, मग स्वयंपाकघराचं दार पाहिलं. पुस्तक मिटून त्यांच्या मांडीवर ठेवलं आणि खाली उतरली.

"तू वाच, आबा," ती म्हणाली. "मला नतो."

ती आईकडे गेली. मधुसूदनरावांनी पुस्तक उघडलं नाही. आत वंदना तिला काहीतरी विचारत होती, पण गार्गीचं उत्तर त्यांना ऐकू आलं नाही.