कानामागचा तीळ

शार्पन, ऐंशी.

दादाच्या कानामागचा तीळ दातेरी दिसायला लागला.

फोटोवालीने माऊसवरचा हात उचलला. वहिनीला नव्या घराच्या भिंतीवर लावायला दादाचा मोठा फोटो हवा होता. मोबाइलवर काढलेला, तोंड बाजूला वळवलेला, जरासा हललेला. "तुझ्या भावाला थोडी धार काढ," वहिनी फोनवर म्हणाली होती, "घरात तर बोथटच असतो."

शार्पन, चाळीस.

दातेरी तीळ वाईट, असं तिने कुठेतरी वाचलं होतं. पण घाबरायचं काय त्यात? कडा वाढवणं हे तर त्या स्लायडरचं कामच. नसलेल्या कडाही तो काढून दाखवतो. गालावरच्या सावलीचा ओरखडा करतो, शर्टाच्या बटणाला दात आणतो. रोजचं काम तिचं, तिला कोण फसवणार?

शार्पन, शून्य.

भुवया विरघळल्या. कॉलर विरघळली. तीळ नाही विरघळला. एका अंगाने पसरलेला, अर्धा काळा, अर्धा तांबूस.

तिने मागच्या वर्षीचा फोटो उघडला. तोच कान, तीच मान.

स्वच्छ.

म्हणजे एका वर्षात? की तिनेच पुसला होता? गिऱ्हाइकांचे डाग, मुरुम, तीळ ती गप्पा मारता मारता पुसून टाकायची. दादाचाही पुसला असेल. नसेलही. आणि सेव्ह केलं होतं मूळ फोटोवरच.

आता विचारायचं कुणाला? तिने दादालाच फोन लावला.

"दादा, दुकानात ये."

"जेवतोय गं."

"जेवून ये."

"इतका वाईट आलाय का फोटो?"

"ये म्हटलं ना."

तो आला. तिने त्याला दाराशी, उजेडात बसवलं आणि कॉलर खाली ओढली.

"गुदगुल्या होतायत. काय शोधतेस?"

"हा तीळ कधीपासून आहे?"

"कानामागे डोळे आहेत का मला? तुझ्या वहिनीला विचार."

ती वाकली. इथे स्लायडर नव्हता. कमी करता येईना, पुसता येईना.

"खाजतो?"

"कधीकधी. कॉलर घासते ना." मग मान चोळत, "परवा थोडं रक्त लागलं होतं शर्टाला."

तिने शून्यावरचा फोटो मोबाइलवर घेतला आणि दुकानाचं शटर खाली ओढलं.

"चल, डॉक्टरकडे."

"अगं, आणि भिंतीवरचा फोटो?"

"घेतलाय बरोबर. हात न लावलेला."

त्याने कॉलर वर केली, तिळाला घासणार नाही अशी, हळूच.