तीन महिन्यांतून एक रात्र

कॅमेऱ्याशेजारचा ठिपका हिरवा झाला, म्हणजे आपण आता तिकडे दिसत असणार... अंबिकाने पदर कपाळापर्यंत ओढला आणि लॅपटॉपच्या कोपऱ्यातल्या आपल्याच एवढ्याशा चौकटीकडे पाहिलं. चौकटीत डोक्यावरून पदर घेतलेली एक बाई, तिच्यामागे धान्याची कोठी, आणि उजव्या कडेला पांढऱ्या पायजम्यातला एक गुडघा. गुडघा मामांचा, म्हणजे सासऱ्यांचा. दर मीटिंगला दिनकरराव कौतुकानं खाटेवर येऊन बसत. आणि मामा खोलीत असताना डोक्यावरचा पदर ढळू देणं वालूरच्या या घरात कुणाला सुचलंही नसतं, अगदी तिलाही. हैदराबादला मात्र—समोरच्या चौकटींतल्या याच सगळ्या माणसांनी तिला मोकळ्या केसांनी, खळखळून हसताना पाहिलं होतं. आता तीच माणसं या बाईला पाहत होती.

सेलूजवळच्या बियाणे कंपनीत ती उगवणशक्ती तपासायची. ओल्या कागदात गुंडाळलेलं सोयाबीन उलगडायचं, शंभरात किती उगवलं ते मोजायचं, आणि दर तीन महिन्यांनी अहवाल घेऊन हैदराबादच्या मुख्य कचेरीत जायचं—सेलूहून रात्रीची गाडी, दिवसभर मीटिंग, एक रात्र लॉजवर, मग परत. पुढे मीटिंगा लॅपटॉपवर आल्या. प्लांटमध्ये चाळणीच्या मशीनचा कान फाटेल असा आवाज, म्हणून मीटिंगच्या दिवशी घरूनच बसायचं ठरलं, आणि घरात जो तो खूश. नवरा, योगीराज, म्हणाला, बरं झालं, तुझी दगदग वाचली. आत्याबाईंनी, म्हणजे सासूबाई तानुबाईंनी, तर देवापुढे साखर ठेवली; सुनेच्या एकटीच्या प्रवासाची त्यांना खरोखरच धास्ती होती. सगळे मायेनंच बोलत होते, त्यामुळे तिला तोंड उघडायला जागाच उरली नाही.

आणि काय करायची ती त्या रात्री? काहीच नाही, हीच तर पंचाईत. निकिता, नांदेडच्या प्लांटवरची, तिच्याच खोलीत उतरायची आणि संध्याकाळी मावशीकडे जेवायला जायची. मग अंबिका दाराला कडी लावायची, चपला पडतील तिथं टाकायची, पलंगावर आडवी व्हायची—कुणी हाक मारणार नाही असे चार तास. पहिल्यांदा रडू आलं. दुसऱ्यांदा झोप लागली. तिसऱ्यांदा तिने एकटीसाठी डोसा मागवला आणि अर्धा तसाच टाकून दिला, आणि का टाकलास म्हणून कुणी विचारलं नाही... त्या चार तासांवर मी तीन महिने काढायचे, हे कुणाला कसं सांगू, आणि कोणत्या शब्दांत?

मुख्य कचेरीतून आदिनाथ सर बोलत होते. यापुढे मीटिंग कायमची अशीच होईल, पण कुणाला प्रत्यक्ष यायचं असेल तर कंपनी पूर्वीसारखीच सोय करेल; मात्र आजच सांगा, लॉजवाल्याला कळवायचंय. निकिता लगेच म्हणाली, मी येणार. मग सरांनी विचारलं, अंबिका, तुमचं काय?

कारण हवं होतं. अहवाल बटण दाबलं की जातो, त्याला बाईची गरज नाही. प्रश्न विचारायचे तर ते इथूनही विचारता येतात. तिने कारण शोधलं, आणखी शोधलं—चौकटीच्या कडेला गुडघा किंचित हलला, तेवढ्यात तिला स्वतःचाच आवाज ऐकू आला.

"मला घरूनच सोयीचं आहे, सर."

एरवी दोन वाक्यांत तीनदा अडकणारं नेटवर्क तेवढं वाक्य मात्र स्वच्छ घेऊन गेलं. सरांनी लिहून घेतलं. पुढच्या प्लांटचा नंबर लागला.

लॅपटॉप मिटला तरी मामा उठले नाहीत. स्वयंपाकघरात आत्याबाई भांडी लावत होत्या. मामा खाटेच्या काठावरून बोट फिरवत म्हणाले, "तुला जायचं होतं की."

"न्हाई मामा. कशाला उगंच."

मग ते सांगत बसले. शाळेत कारकून होते तेव्हा दर महिन्याला कागद घेऊन त्यांना परभणीला जिल्हा परिषदेत जावं लागे. "काम अर्ध्या घंट्याचं. पण मी यायचो शेवटच्या गाडीनं. तुझ्या आत्याबाईला वाटायचं, सायेब लय बसवून ठेवतोय."

"मग कुठं असायचे?"

"स्टेशनात, बाकड्यावर. कुणाला भेटायचं न्हाई, काई न्हाई. नुसतं बसायचो." ते खाली पाहून बोलत होते. "लाव त्या सायेबाला फोन. घरात मी बगतो."

आनंद व्हायला हवा होता. फोन हातात होता, आदिनाथ सर अजून जेवायला उठले नसतील, एका वाक्याचं काम... तिला मामांची माया आली, आणि त्याच दमात त्यांचा संतापही आला. लॉजवरची ती खोली तिच्या डोळ्यांपुढे आली—ती आडवी झालेली, दाराला कडी, आणि इकडे वालूरला खाटेवर बसलेलं एक म्हातारं माणूस, त्या घटकेला ती काय करत असेल ते नेमकं ठाऊक असलेलं, समजून घेणारं, डोक्यावरून हात फिरवल्यासारखं हसणारं. आजवर तिचं स्वतःचं म्हणून एवढंच होतं—कुणालाही माहीत नसलेले ते चार तास.

"लाव की," मामा हळूच म्हणाले.

ती नंबर शोधत राहिली. कदाचित ती जाणारही होती. पण त्या खोलीत आता ती एकटी नसणार होती.