दिलेला डाव

सिद्धेशने वीस पैलूंचा निळा फासा चटईवर सोडला. तो घरंगळत जाऊन तुळसाकाकीच्या पायाच्या अंगठ्यापाशी थांबला, आणि नम्रता चक्क ओरडली.

"सतरा! सतरा पडले गो! माझी बेडकी पलतडीक पोचली!"

गुरुदास त्या वेळी पडवीच्या पायरीशी उभा होता. होडीचे इंजिन उघडून दुपारभर त्याच्याशी झुंजल्यामुळे त्याचे हात कोपरापर्यंत काळे झाले होते, आणि ते अंगाला लागू नयेत म्हणून त्याने ते शरीरापासून दूर धरले होते. वर्षभर या घरात हा खेळ तो सांगत आला होता. त्या वर्षभरात त्याची पत्नी नम्रता एकदाही या चटईवर बसली नव्हती. "भाकऱ्यो कोण भाजतलो?" एवढेच उत्तर ती प्रत्येक वेळी स्वयंपाकघरातून देई. आज मात्र बोटांना पीठ तसेच चिकटलेले असताना ती चटईच्या मधोमध मांडी घालून बसली होती.

"बाबा, आईन बेडकी घेतल्यान!" त्याची मुलगी रिया आनंदाने म्हणाली. "हंड्याच्या मागे ऱ्हवता ती."

"बघतंय मी," गुरुदास म्हणाला.

गेल्या वर्षी पुण्याचे एक जोडपे तीन दिवस तोंडवलीला, गुरुदासच्या घराच्या मागच्या खोलीत राहून गेले होते. त्यांनीच हा खेळ शिकवला. प्रत्येकाने एक चिमुकला प्राणी व्हायचे, एकाने गोष्ट सांगायची, आणि पुढे काय होणार असा प्रश्न पडला की फासा टाकायचा. पाहुणे गेले, त्यांच्याबरोबर फासेही गेले. तेव्हा गुरुदासने फणसाच्या लाकडाचा सहा पैलूंचा एक फासा तासून घेतला, शंभर पानी वही आणली आणि तिच्या पहिल्या पानावर 'गृहनियम' असे शीर्षक लिहून त्याखाली दोन रेघा ओढल्या. नववीत शाळा सुटलेल्या त्या माणसाने आयुष्यात इतक्या निगुतीने दुसरे काहीही लिहिले नव्हते. प्राणी तळहातावर मावणारा असावा. फाशावर चार अथवा अधिक पडल्यास कार्य सिद्धीस जाईल. कोणताही प्राणी मरणार नाही. अपयश आलेल्या प्राण्यास साथीदार आपला डाव देऊ शकेल, व असा दिलेला डाव नाकारता येणार नाही. हा पाचवा नियम त्याने रियासाठी केला होता, कारण हरू लागली की ती कुणाचीही मदत न घेता रुसून बसत असे.

आणि सर्वांत पहिला नियम : खेळापूर्वी गाऱ्हाणे घालावे. होडी पाण्यात लोटायची असो वा घराचा पाया खणायचा असो, एकाने उभे राहून सर्वांच्या वतीने देवापुढे मागणे मांडायचे आणि इतरांनी एका सुरात होकार द्यायचा, ही या किनाऱ्याची रीत. गुरुदासला ते वडिलांकडून आले होते. तो गाऱ्हाणे घालू लागला की खेळाला आलेली माणसे आपोआप सरळ होऊन बसत.

"दादा, ये ना, बस," सिद्धेश म्हणाला. तो त्याचा धाकटा भाऊ, नऊ वर्षांनी लहान. मुंबईहून तीन आठवड्यांच्या रजेवर येताना त्याने याच खेळाचे रंगीत छापील पुस्तक आणि पिशवीभर फासे आणले होते. "तू पण एक प्राणी घे. आम्ही स्कूटरच्या डिकीत लपून थेट कसालच्या बाजारात पोचलोय."

"गाऱ्हाणा घातलास?"

"कसलं गाऱ्हाणं?" सिद्धेश हसला. "पुस्तकात तसं काही नाहीये, दादा."

"मेल्या गुरग्या, उगाच फुगान बसा नको," तुळसाकाकी म्हणाली. ती शेजारची. चाळीस वर्षे बाजारात मासळी विकून थकलेली ती म्हातारी खेळात नांगी तुटलेली कुर्ली असे, आणि कुठल्याही संकटात प्रथम घासाघीस करी. "तुझ्या खेळात आमी वरसभर बावीच्या काठारच फिरतो. ह्येना एका दुपारात बाजार दाखवल्यान."

सगळे हसले. नम्रताही हसली. ती तोंडावर हात न ठेवता, मान मागे टाकून हसली, आणि तिच्या गालाला पीठ लागले. गुरुदास हात धुवायला मागीलदारी गेला. साबण दोनदा लावूनही नखांतले काळे निघेना, तरी तो बराच वेळ नळाखाली हात धरून राहिला.

जेवताना नम्रताने दिराला विचारले, "आणि त्या बाजारात मांजर इला तर?"

"ते उद्या, वहिनी. आत्ताच सांगितलं तर मजा काय?"

"वायच सांग मरे."

गुरुदासने ताटातील बांगड्याचा काटा काढला, मग दुसरा काढला. आपल्या खेळात मांजर गेल्याच पावसाळ्यात येऊन गेले होते, हे त्याला सांगावेसे वाटले. रियाच्या चिचुंद्रीच्या शेपटीला त्याचा दात लागला, तो प्रसंग त्याने अर्धी दुपार रंगवला होता. त्या दिवशी नम्रता आत भाकऱ्या थापत होती. तिने मांजर कुठे गेले, असे एका शब्दाने विचारले नव्हते.

"काय झाला? जेवनास नाय तुमी," तिने विचारले.

"काय नाय. इंजिनचो पिस्टन डोक्यात हा."

दुसऱ्या दिवशी सकाळी, होडीच्या सावलीत बसून, त्याने वही मांडीवर घेतली. 'खेळ गुरुदासच सांगेल' असे त्याने लिहिले. लिहिलेले वाचताच त्याच्या कानाच्या पाळ्या गरम झाल्या. त्याने ती ओळ इतकी खोडली की पान फाटले. नियम सर्वांना सारखा लागू झाला पाहिजे, एवढे त्याला कळत होते. म्हणून पुष्कळ विचार करून त्याने खाली लिहिले :

'नियम एकोणीस. जो गाऱ्हाणे घालील, त्या दिवसाचा खेळ तोच सांगेल.'

या नियमात कुणाचेही नाव नव्हते. सोळाव्या वर्षी मुंबईला गेलेल्या सिद्धेशला गाऱ्हाण्याची दुसरी ओळही येत नाही, हे मात्र त्याला पुरते ठाऊक होते.

दुपारी सगळे चटईवर जमल्यावर त्याने नियम उभ्याने वाचून दाखवला. रियाने काकाकडे पाहिले. नम्रता आपल्या हातातल्या पिठाची गोळी करत राहिली.

"फेअर आहे," सिद्धेश म्हणाला आणि उठून उभा राहिला. त्याने हात जोडले. "बा देवा महाराजा! बारा गावच्या... बारा..."

"पुढे?" गुरुदास म्हणाला.

"बारा गाव तरी सांग खयचे ते!" तुळसाकाकी खो खो हसत म्हणाली. "लग्नात नवरो अक्षता इसारता तसो उभो ऱ्हवलो हा बघ."

सिद्धेशही हसला आणि खाली बसला. "तूच घाल, दादा. मला नाही येत."

ते 'मला नाही येत' गुरुदासला इतके गोड लागले की त्याची त्यालाच लाज वाटली. त्याने घाई केली नाही. सदऱ्याची वरची गुंडी लावली. हात वर करणार तोच नखांतले काळे त्याच्या नजरेस पडले, आणि मळक्या हातांनी गाऱ्हाणे घालू नये हाही त्याचाच नियम असल्यामुळे तो म्हणाला, "थांबा. हात धुवन येतंय."

मागीलदारी नळ सोडला. पुढे काय सांगायचे, ते तो मनात जुळवू लागला. आज तो त्यांना विजयदुर्गाच्या तटावर नेणार होता. कसालचा बाजार तो काय, असे त्यांना वाटले पाहिजे. साबणाचा फेस पाण्याबरोबर वाहून गेला आणि त्याच वेळी पडवीतून आवाज आला.

"बा देवा म्हाराजा!"

तो आवाज नम्रताचा होता. गुरुदास ओल्या हातांनीच धावत आला आणि दारात थबकला. पदर कमरेला खोचून, डोळे मिटून ती उभी होती. या घरात बाईमाणसाने गाऱ्हाणे घातलेले त्याने कधी ऐकले नव्हते. पण सूर तोच होता, त्याच्या वडिलांचा. थांबण्याच्या जागाही त्याच होत्या.

"आज ही जी काय तुझी लेकरां चटयेर जमली हत, कोण बेडकी, कोण चिचुंद्री, कोण नांगी तुटलेली कुर्ली, त्येंका सांभाळ रे म्हाराजा!"

"व्हय म्हाराजा!" तिघांनी सूर धरला.

"चिचुंद्रीच्या शेपटेक गेल्या पावसात मांजराचो दात लागलो हा, तो अजून दुखता. तो बरो कर रे म्हाराजा!"

"व्हय म्हाराजा!"

गुरुदासच्या बोटांवरून पाणी ठिबकत होते.

"आणि वरसभर सगळ्यांका प्राणी वाटता वाटता जो स्वताच प्राण्याबगर ऱ्हवलो, तेका पण चटयेर वायच जागा गावू दे रे म्हाराजा!"

या वेळी कुणी होकार दिला नाही. तिघेही दाराकडे पाहू लागले. नम्रताने मात्र डोळे उघडले नाहीत. जोडलेले हात तसेच धरून ती उभी राहिली. गुरुदासने आजवर असंख्य वेळा गाऱ्हाणे घातले होते. दुसऱ्याच्या गाऱ्हाण्याला होकार देण्याची पाळी वडिलांनंतर त्याच्यावर या घरात कधी आली नव्हती.

"व्हय म्हाराजा," तो म्हणाला.

"नियम एकोणीस!" रिया टाळी वाजवत म्हणाली. "आज आई सांगतली!"

सिद्धेशने दोन्ही हात वर केले. "नियम तो नियम, दादा."

रिया आणि तुळसाकाकी यांच्यामध्ये जागा झाली. गुरुदास बसला. खालून पाहताना चटई फार मोठी दिसत होती.

"तुमचो प्राणी खयचो?" नम्रताने विचारले.

"उंदीर," तो म्हणाला.

"बरा." तिने फणसाचा फासा त्याच्यापुढे ठेवला आणि ती सांगू लागली. तिच्या सांगण्यात ना बाजार होता, ना किल्ला. "दुपारचो येळ. उंदीर हंड्याकडे इलो. पाय तेलान काळे. हंड्याच्या मागे बेडकी बसली हा. तिका लय वरसां कोणी काय इचारूक नाय. उंदीर काय करता?"

गुरुदासने खाली पाहिले.

"इचारता," तो म्हणाला. "हयसर बसू काय, म्हणान."

"चार व्हये. टाका."

त्याने फासा टाकला. आपणच तासलेल्या फाशावर दोन ठिपके वर आले.

तुळसाकाकीने जिभेने चुकचुक केले. मग सिद्धेशने आपल्या मुठीतला निळा फासा चटईवरून हलकेच पुढे सरकवला.

"माझा डाव दादाला," तो म्हणाला.

वीस पैलूंच्या फाशावर चार किंवा अधिक सहज पडतात. गुरुदासला ते ठाऊक होते, सिद्धेशलाही ठाऊक असणारच.

"ऱ्हवांदे," गुरुदास म्हणाला. "तुझो तुका."

"बाबा," रिया म्हणाली. तिने वही उघडलीसुद्धा नाही. "नियम पाच. दिलेला डाव नाकारता येणार नाही."

नम्रता वाट पाहत होती. गुरुदासने फासा उचलला. सिद्धेशच्या मुठीत तो बराच वेळ राहिला असावा, कारण अजून ऊबदार होता.